कोकण किनाऱ्यावर राहून पहिल्या २०० किलोमीटरच्या बीआरएमची तयारी

रत्नागिरी, चिपळूण, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा ठिकाणी राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच बीआरएमचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडचा, विचार करणाऱ्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. घाटावरच्या सायकलस्वारांचे सरावाचे तक्ते भरपूर मिळतात, पण ते आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. त्यांना कोरडी हवा आणि लांबच लांब सपाट रस्ता मिळतो. आपल्याला मिळते ती खाडी, खाडी ओलांडली की सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, चढ, सड्यावरून पुन्हा दुसऱ्या खाडीत उतार, आणि घाम वाळूच न देणारी हवा. चांगली गोष्ट अशी की या रस्त्यांवर तयार झालेला माणूस दुसरीकडे सहसा अडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पहिली दोनशे किलोमीटरची राईड पायांत ताकद नाही म्हणून क्वचितच सुटते. ती सुटते थांब्यांवर वेळ सांडल्यामुळे आणि खाण्यापिण्याचं गणित चुकल्यामुळे. म्हणून सराव वेगाचा करू नका. तासन् तास सायकलवर बसून राहण्याचा, बसल्या बसल्या खाण्याचा आणि थांबलं की लवकर उठण्याचा करा.

१. बीआरएम म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

बीआरएम (ब्रेव्हे दे रँडोनर माँदियो) ही शर्यत नाही. फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ या संस्थेच्या नियमांनुसार जगभर या राईड होतात. भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स त्यांचं काम पाहते आणि ठिकठिकाणचे क्लब प्रत्यक्ष आयोजन करतात. पहिला-दुसरा नंबर काढला जात नाही. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत, स्वतःच्या जिवावर पूर्ण करायचं. वेळेच्या मर्यादा अशा:

– २०० किमी: १३ तास ३० मिनिटं
– ३०० किमी: २० तास
– ४०० किमी: २७ तास
– ६०० किमी: ४० तास

ही चारही अंतरं एकाच हंगामात, म्हणजे १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर या काळात, पूर्ण करणाऱ्याला सुपर रँडोनर म्हणतात. १८९१ साली सुरू झालेल्या आणि आता दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १२०० किलोमीटरच्या राईडला जायचं तर त्याच वर्षी ही मालिका पूर्ण असावी लागते. मागची २०२३ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये आहे. ते नंतरचं. आत्ता डोळ्यांसमोर फक्त दोनशे ठेवा.

वाटेत ठरावीक ठिकाणी कंट्रोल, म्हणजे तपासणीचे थांबे, असतात. तिथे तुमच्या ब्रेव्हे कार्डावर शिक्का मिळतो. माणूस बसवलेला नसेल तर वेळ छापलेली पावती आणायला सांगतात, आणि बऱ्याचदा ती एटीएमची असते. प्रत्येक कंट्रोल बंद होण्याची वेळ ठरलेली असते: १०० किमीचा कंट्रोल सुटल्यापासून ६ तास ४० मिनिटांनी, १५० किमीचा १० तासांनी. नुसती शेवटची वेळ गाठून भागत नाही, मधल्याही गाठाव्या लागतात.

नवख्यांना तीन नियम बाधतात. मदतीची गाडी फक्त कंट्रोलवर भेटू शकते; मध्ये रस्त्यात भावाने मोटारसायकलवरून पाण्याची बाटली आणून दिली तरी तुम्ही बाद होऊ शकता. रस्ता चुकलात तर जिथून चुकलात तिथेच परत येऊन पुढे जायचं, शॉर्टकटने पुढे जाऊन मिळायचं नाही. आणि ब्रेव्हे कार्ड हरवलं तर राईड धरली जात नाही.

२. तारीख ठरवा: सराव गणपतीनंतर, राईड डिसेंबर-जानेवारीत

कोकणात याहून सोयीचं वेळापत्रक नाही. जून ते सप्टेंबर रस्त्यावर शेवाळ, पांढऱ्या पट्ट्यांवर घसरण, घाटात दरडी. गणपतीच्या आधी आणि नंतर महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग. विसर्जन आटोपलं, घर मोकळं झालं की सुरुवात करा. तिथून तेरा आठवडे मोजा. गणपती ऑगस्टअखेर आले असतील तर डिसेंबरच्या पूर्वार्धातली राईड मिळते, सप्टेंबरच्या मध्यात आले असतील तर डिसेंबरअखेर किंवा जानेवारी.

शिमग्यानंतरची तारीख पहिल्या राईडसाठी घेऊ नका. मार्चपासून ऊन आणि दमट हवा दोन्ही एकदम अंगावर येतात.

पुणे, मुंबई, गोवा इथल्या क्लबांच्या तारखा ऑडॅक्स इंडियाच्या संकेतस्थळावरच्या कॅलेंडरमध्ये दिसतात. मार्ग नीट वाचा: एकूण चढ किती, सुरुवात किती वाजता, कंट्रोल कुठे. पुण्याकडून सुटणारी राईड घेतलीत तर डिसेंबरातल्या पहाटेची थंडी लक्षात ठेवा. आपल्याकडे स्वेटर पेटीतच राहतो. तिथे पाच वाजता उताराला लागलात की बोटं ब्रेकवर वळत नाहीत. काढता-घालता येणाऱ्या बाह्या आणि पातळ विंडचीटर हवाच.

३. सायकल: नवी घेण्याआधी आहे ती तपासा

दोनशेसाठी महागडी रोड बाईक लागत नाही. हायब्रिडवर (रोड बाईक आणि माउंटन बाईक यांच्या मधल्या सायकलवर) पुष्कळ लोक आरामात पूर्ण करतात. शॉकअप असलेली जाड टायरची एमटीबी (माउंटन बाईक) असेल तर निदान टायर पातळ आणि गुळगुळीत घाला.

आपल्या रस्त्यांसाठी दोन गोष्टींवर मी आग्रही आहे. पहिली, हलका गिअर. खाडीतून सड्यावर येणारे चढ लांबीने छोटे पण उभे असतात. पुढचं लहान दातेरी चाक ३४ दात्यांचं आणि मागचं सर्वांत मोठं ३२ किंवा ३४ चं असेल तर गुडघे वाचतात. दुसरी, २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर. महामार्गाच्या काँक्रीटचे सांधे, अर्धवट कामं, डायव्हर्जन आणि गावातले उखडलेले डांबर या सगळ्यात २३ चा टायर नुसता त्रास देतो.

सीटची उंची: भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा, कंबर एका बाजूला झुकायला नको. सराव करताना गुडघा पुढून दुखायला लागला तर बहुतेक वेळा सीट खाली असते. मागून दुखला तर वर. एका वेळी तीन-चार मिलिमीटरच बदला आणि आठवडाभर बघा.

समुद्राकाठच्या हवेत मीठ असतं. किनाऱ्यावरून फिरून आलात की सायकल गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, चेन कोरडी करून तेल द्या. जांभ्याची लाल धूळ तेलात मिसळली की ती चेन आणि दाते झिजवते, म्हणून वरवर तेल सोडत राहू नका. आधी जुनं पुसून काढा. राईडच्या दोन आठवडे आधी ब्रेक पॅड बघा. खाडीकडे उतरणाऱ्या वळणांवर ते लवकर संपतात.

४. तेरा आठवड्यांचा सराव

आठवड्यातून चार दिवस पुरतात. नोकरी, घर, शेती सांभाळून होईल असंच बसवा.

मंगळवार: तासभर सपाटीवर हलक्या पायाने. मिनिटाला पेडलचे ८०-९० फेरे पडतील असा गिअर ठेवा.
गुरुवार: चढाचा दिवस, तास-सव्वा तास.
शनिवार: तासभर, रमतगमत.
रविवार: लांब राईड. खरा सराव हाच.

रविवारची अंतरं साधारण अशी वाढवा:

– आठवडा १ ते ४: ४०, ५०, ६०, मग ४०
– आठवडा ५ ते ८: ७०, ८५, १००, मग ६०
– आठवडा ९ ते ११: ११५, ९०, १५०
– आठवडा १२: ७०
– आठवडा १३: दोनदा तासभर हलकं, मग राईड

दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी केलं आहे ते मुद्दाम. शरीर ताकद धरतं ते विश्रांतीत, आणि नेमका हाच आठवडा उत्साही लोक गाळतात. दीडशेच्या पुढे सराव करायची गरज नाही. दीडशे नीट खाऊन-पिऊन झाले की दोनशे होतात.

वेग किती ठेवायचा? सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. चढावर थोडी सूट, बाकी हाच नियम. घड्याळातले हृदयाचे ठोके बघायचे असतील तर बघा, पण दमट हवेत ते एरवीपेक्षा वर राहतात, त्याने घाबरू नका.

एखाद्या आठवड्यात शनिवारीही साठ-सत्तर करा आणि रविवारी दमलेल्या पायांनी पुन्हा निघा. दोनशेच्या शेवटच्या पन्नास किलोमीटरमध्ये पाय कसे लागतात त्याची ओळख याने होते, तीही दुसऱ्या दिवशी कामावर जाता येईल इतपत दमून.

ऑक्टोबरात भातकापणी असते. आतल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर, पेंढ्याचे भारे, कडेला वाळत घातलेलं धान्य, आणि त्यात ऑक्टोबरचं ऊन. त्या दिवसांत पहाटे पाचला निघून दहाच्या आत परतण्याचं बघा.

५. चढ: सडा आणि घाट वेगवेगळे शिका

सड्याचा चढ दीड-दोन किलोमीटरचा आणि उभा. रत्नागिरीकरांना तो दाराशीच आहे: भाट्याचा पूल ओलांडून फणसोप-गोळपकडे वर चढा, पावसला उतरा, परत या. किंवा उत्तरेला काळबादेवीवरून आरे-वारे. इथे शिकायचं ते चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करणं. उभ्या चढात मध्येच गिअर पाडायला गेलात की चेन कुरकुरते, कधी उतरते. आणि वर पोचल्यावर लगेच जोर लावायचा नाही, दोन मिनिटं हलके पाय मारायचे.

घाट म्हणजे तासभर एकाच लयीत चढणं. चिपळूणकरांना कुंभार्ली, रत्नागिरी-साखरप्याकडच्यांना आंबा, कणकवलीकरांना फोंडा, सावंतवाडीकरांना आंबोली. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. पहाटे किंवा रात्री एकट्याने घाटात जाऊ नका; सिंधुदुर्गाकडच्या घाटांत गवे रस्त्यावर येतात, आणि वळणाआड उभा गवा उतारावरच्या सायकलला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

किनाऱ्याच्या मार्गावर दोनशे किलोमीटरमध्ये दोन हजार मीटरहून जास्त चढ सहज भरतो, आणि तो शंभर-शंभर मीटरच्या तुकड्यांत येतो. प्रत्येक तुकडा क्षुल्लक वाटतो म्हणून लोक तो जोर लावून मारतात. दहाव्या तुकड्याला मांड्या सांगतात.

६. वारा ओळखा

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ते इथे उपयोगी पडतात. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा असतो, अकरा-बाराच्या पुढे समुद्राकडून सुरू होतो आणि दुपारी बहुधा वायव्येकडून येतो. म्हणजे दुपारनंतर दक्षिणेकडे जाताना पाठीशी, उत्तरेकडे येताना तोंडावर.

सरावाच्या सुरुवातीला सकाळी उत्तरेला जा आणि दुपारी दक्षिणेला परता, सोपं जाईल. नवव्या आठवड्यापासून उलट करा. रत्नागिरीहून पूर्णगड-आडिवऱ्याकडे जाऊन दुपारी परत या, किंवा मालवणहून आचरा-मिठबाव-कुणकेश्वर करत देवगड गाठा आणि तिथे रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उलट दिशा धरा. तोंडावरच्या वाऱ्यात वेग बघत बसू नका. अंग खाली घ्या, एक गिअर हलका करा, तोच जोर ठेवा.

किनाऱ्याने फिरताना फेरीबोटी लागतात: दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, वेश्वी-बागमांडले, आगरदांडा-दिघी. सरावाला मजेच्या आहेत, पण फेऱ्यांच्या वेळा आधी विचारून घ्या. बीआरएमच्या मार्गात फेरी असली तर धक्क्यावर थांबलेला वेळ तुमच्याच खात्यात मोजला जातो.

७. खाणं-पाणी: इथे सर्वांत जास्त लक्ष द्या

भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. पहिल्या अर्ध्या तासानंतर खायला सुरुवात करायची आणि शेवटपर्यंत चालू ठेवायची. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे साधं माप. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. आपली वेलची केळी छोटी, दोन घ्या. खिशात राहतील असे पदार्थ: राजगिऱ्याचा लाडू, खजूर, चिक्की, आंबापोळी. आंबापोळीसारखी सोय दुसरी नाही. वितळत नाही, तुकडे करून ठेवता येते, आणि उन्हात तोंड कोरडं पडलं तरी खाववते. नुसतं गोड शंभर किलोमीटरनंतर नको होतं, तेव्हा खारे शेंगदाणे किंवा मीठ लावलेला उकडलेला बटाटा बरा वाटतो.

आदल्या रात्री भात-डाळ, पहाटे निघण्याआधी दीड तास मऊ पेज किंवा दोन घावणे. कंट्रोलवर इडली, पोहे, साधा डाळ-भात. मिसळ, वडे, मच्छीचं ताट राईड संपल्यावर. तेलकट, तिखट पोटात असताना उन्हात चढ चढता येत नाही, आणि भरपेट जेवणानंतर तासभर पाय उचलत नाहीत.

आता पाणी. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढतं. तुमचा घाम किती जातो ते मोजा: तासाभराच्या राईडच्या आधी आणि नंतर, कोरड्या अंगाने वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर गेलं. मध्ये प्यायलात ते त्यात मिळवा. या मापाच्या आसपास, घोट घोट, दर दहा-पंधरा मिनिटांनी प्या.

नुसतं पाणी पीत राहू नका. घामाबरोबर मीठ जातं आणि वर साधं पाणी लिटरने ओतलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजणं, मळमळ, डोकं जड होणं, गोंधळल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. लोक त्याला पाणी कमी पडलं असं समजून आणखी पाणी पितात, आणि ते घातक ठरतं. एका बाटलीत पाणी, दुसरीत ओआरएस ही सवय सरावापासूनच लावा. एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच घाला. अर्ध्या बाटलीत घट्ट करून प्यायलात तर पोट बिघडतं. कोकम सरबत मीठ-साखर घालून उत्तम चालतं. शहाळ्यात पोटॅशियम पुष्कळ पण सोडियम कमी, म्हणून शहाळं प्यायलात तरी ओआरएस बंद करू नका.

ऊन बाधल्याची खूण ओळखा: डोकं दुखतं, अंगावर भर उन्हात शहारे येतात, चिडचिड होते, बोललेलं कळत नाही. लगेच सावलीत थांबा, मानेवर-डोक्यावर पाणी ओता, हेल्मेट काढा. बोललेलं कळत नसेल तर वाट न बघता डॉक्टर गाठा; बाकी त्रास वीस मिनिटांत कमी झाला नाही तर राईड सोडा. हे मी कळकळीने सांगते. बीआरएम पुढच्या महिन्यात पुन्हा असते.

जे राईडला खाणार ते सगळं रविवारच्या सरावात खाऊन बघितलेलं असावं. मित्राने दिलेली एनर्जी जेलची पुडी पहिल्यांदा त्याच दिवशी फोडू नका.

८. बूड, हात, पाय

पॅडेड शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. शिवण घासते आणि आपल्या घामात दोन तासांत सोलवटतं. मांड्यांच्या सांध्यात पेट्रोलियम जेली किंवा त्यासाठीचं क्रीम लावा. घरी आल्यावर पहिलं काम ओली शॉर्ट काढणं, अंघोळ, आणि जागा पूर्ण कोरडी करणं. बुरशी इथे पटकन धरते. जाड जेलचं सीटकव्हर घेऊ नका, लांब पल्ल्याला ते जास्त टोचतं. दर अर्ध्या तासाला पाच-दहा सेकंद पेडलवर उभे राहा.

करंगळीला मुंग्या येत असतील तर हात एकाच जागी फार वेळ राहतात. ग्लोव्ह घाला, पकड बदलत राहा, कोपर थोडे वाकवा.

बायकांसाठी एक वेगळी सूचना. खांद्यावरून पट्टे असलेली बिब शॉर्ट सोयीची असते, पण स्वच्छतागृहात वेळ खाते. पहिल्या राईडला साधी कमरेची बरी. पेट्रोल पंप, एसटी स्थानक आणि हॉटेलं मार्गावर कुठे आहेत ते आधीच नकाशावर टिपून ठेवा. घाटात आणि सड्यावर मैलोन् मैल काही नसतं. स्वच्छतागृह नको म्हणून पाणी कमी पिऊ नका.

९. अंधाराचा सराव

डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पहाटे सहाला सुटलात आणि साडेतेरा तास लागले तर शेवटचा दीड तास काळोखातला आहे. म्हणून दिवसाच्या दोनशेलाही दिवे लागतात.

पुढे पांढरा, मागे लाल. मागचा लुकलुकणारा न ठेवता स्थिर ठेवा, मागून येणाऱ्याला अंतराचा अंदाज येतो. पुढचा दिवा घरच्या अंगणात न पारखता गावाबाहेरच्या काळ्या रस्त्यावर पारखा; समोरून मोटार येऊन गेल्यावर काही सेकंद काहीच दिसत नाही, त्या सेकंदांत खड्डा दिसला पाहिजे. चार्जिंग किती तास टिकतं ते स्वतः मोजा.

संध्याकाळनंतर गुरं डांबरावर येऊन बसतात. काळी म्हैस दिव्याच्या उजेडात अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. उतारावर रात्री वेग निम्मा करा. कुत्री मागे लागली तर पळवू नका. हळू करा, आवाज द्या, नाहीच ऐकलं तर उतरून सायकल मध्ये ठेवून चाला.

१०. पंक्चर, कागद, सामान

मागच्या चाकाची ट्यूब स्वतः बदलता येत नसेल तर राईडचे पैसे भरू नका. घरी सावकाश, मग रस्त्यावर, मग अंधारात बदलून बघा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं हळूच फिरवा. महामार्गावर फुटलेल्या ट्रकच्या टायरांच्या बारीक तारा पडलेल्या असतात; ती तार काढली नाही तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.

बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूब गावातल्या सायकल दुकानात मिळत नाहीत, आणि मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याच्या नळीने त्यात हवाही भरता येत नाही. त्यासाठी छोटा पितळी अडॅप्टर मिळतो. तो खिशात असला की कुठल्याही पेट्रोल पंपावर काम होतं.

सामान: दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल, चेनची जोडकडी, टायर चिरला तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा, इन्शुलेशन टेप, पॉवर बँक, शिट्टी.

अंगावर: हेल्मेट, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, ग्लोव्ह. हेल्मेट, जॅकेट आणि दिवे सुटण्याआधी तपासले जातात.

कागद: ओळखपत्र, नोंदणीची पावती, ब्रेव्हे कार्ड आणि पेन झिपच्या प्लास्टिक पिशवीत, रक्तगट आणि घरच्यांचा फोन लिहिलेली चिठ्ठी, एटीएम कार्ड, मार्गाचा छापील कागद. सुट्टे पैसे जरूर घ्या. आतल्या गावांत रेंज जाते तेव्हा फोनवरून पैसे देता येत नाहीत. नकाशा आणि मार्गाची फाईल फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, तेही याच कारणाने.

११. राईडचा दिवस: वेळेचा हिशेब

ताशी १८ किमीने चालवलंत तर २०० किमीला ११ तास ७ मिनिटं लागतात. उरतात २ तास २३ मिनिटं. चहा, जेवण, शिक्के, पंक्चर, लघवी, फोटो, सगळं यात. ताशी १७ झालात तर उरतात १ तास ४४ मिनिटं. वेग एकने वाढवायला पायांना फार पडतं, पण पाच थांब्यांवर प्रत्येकी दहा मिनिटं वाचवायला काहीच पडत नाही.

म्हणून कंट्रोलवर क्रम ठरलेला असावा. उतरलं की पहिलं कार्ड, मग खाण्याची ऑर्डर, ती येईपर्यंत बाटल्या भरणं आणि तोंड धुणं, खाणं, निघणं. जेवणाच्या थांब्याला अर्धा तास, बाकीच्यांना दहा-बारा मिनिटं. खुर्चीत पाठ टेकून फोन हातात घेतला की अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही. सरावाच्या रविवारीही घड्याळ लावून थांबा.

सुटल्यावर पहिले वीस किलोमीटर सगळे जोरात निघतात. त्यांना जाऊ द्या. तुम्हाला बोलता येईल असा वेग धरा. शंभरनंतर त्यातले पुष्कळ जण पुन्हा दिसतील. बरोबर कोणी सारख्या वेगाचं मिळालं तर सोबत करा, पण त्याच्यासाठी थांबण्याचं किंवा त्याच्या मागे ओढलं जाण्याचं वचन देऊ नका.

१२० ते १६० किलोमीटरचा पट्टा मनाला जड जातो. दुपार असते, वारा असतो, शेवट अजून लांब असतो. तिथे पुढच्या कंट्रोलपुरताच विचार करा, आणि आधी काही खा. निराशा बऱ्याचदा रिकाम्या पोटाची असते.

१२. सोडावी लागली तर, आणि पूर्ण झाली तर

सोडलीत तर आयोजकांना लगेच फोन करून कळवा, नाहीतर रात्री तुमचा शोध सुरू होतो. परतीची सोय निघण्याआधीच बघून ठेवा. कोकण रेल्वेत सायकल लगेज म्हणून नोंदवता येते, पण सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत, आणि राजापूर रोडसारखी स्थानकं गावापासून बरीच लांब आहेत. एसटीच्या टपावर सायकल चढवता येईलच असं नाही. ओळखीच्या एखाद्या टेम्पोवाल्याचा नंबर जवळ असू द्या.

पूर्ण झालीत तर कार्डावर सही करून ते आयोजकांकडे द्या. कार्ड जमा केल्याशिवाय राईड नोंदली जात नाही. मग पाणी, ओआरएस, भात आणि त्यावर आमटी किंवा सोलकढी. त्याच रात्री स्वतः गाडी चालवत घरी निघू नका, झोप केव्हा लागते ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा तास चाला, दोन-तीन दिवसांनी हलकी सायकल. तीनशेची नोंदणी निदान तीन आठवड्यांनंतरची करा, आणि मधल्या रविवारांपैकी एक राईड रात्री दोनला उठून काढा, कारण तीनशेत पहाटेची झोप हाच नवा पेपर असतो.